वेळ सांगा, ठिकाण सांगते

वाचकांचे प्रश्न

मुंबईत दोन घटका निवांत बसून खाण्यापिण्याच्या साध्या जागांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांनी एकच विचारले आहे : अमुक भागात चांगले ठिकाण कोणते? गेली तीसेक वर्षे या शहरात कामानिमित्त भटकताना आणि भटकताना मिळेल तिथे जेवताना माझे असे मत झाले आहे की, हा प्रश्न अर्धाच आहे. दुपारी एक वाजता कचेऱ्यांतील माणसे ज्या हॉटेलात राईस प्लेटसाठी रांगेत उभी असतात, त्याच हॉटेलात चार वाजता दोन वृद्ध गृहस्थ एका कॉफीवर तासभर बोलत बसलेले दिसतात आणि रात्री नऊला तिथेच शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. त्यामुळे पुढील प्रत्येक उत्तरात ठिकाणाआधी वेळेचा विचार केला आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र गिरगावातल्या एकाच चाळीत वाढलो. आज दोघे डोंबिवलीला, एक बोरिवलीला, एक मुलुंडला आणि एकटा मी अजून गिरगावात आहे. पाचही जण निवृत्त झालो आहोत. महिन्यातून एकदा भेटायचे ठरले आहे. दोघे थोडी घेतात, तिघे अजिबात घेत नाहीत, त्यांपैकी एकजण कांदा-लसूणही खात नाही. मागच्या दोन्ही शनिवारी संध्याकाळी ज्या ठिकाणी गेलो, तिथे गाण्यांच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ऐकू आले नाही आणि जेवण संपते न संपते तोच बिल समोर आले. पाच म्हाताऱ्यांना तीन तास बसू देणारी, खिशाला झेपणारी जागा मुंबईत उरली आहे का?

उत्तर : उरली आहे, मात्र शनिवारची संध्याकाळ आपल्याला सोडावी लागेल. ती नोकरी करणाऱ्यांची वेळ आहे, त्यांना दुसरी मिळत नाही. आपण निवृत्त आहात ही या बाबतीत मोठी सोय समजावी. आठवड्याच्या मधल्या वाराला दुपारी साडेतीन-चारला भेटावे आणि सातच्या आत उठावे. दुपारचे जेवणारे तोपर्यंत निघून गेलेले असतात, रात्रीची गर्दी आलेली नसते, वेटरही निवांत असतात आणि परतताना डोंबिवलीकरांना गाडीत निदान उभे राहायला जागा मिळते. आणखी एक गोष्ट मी अनेक वर्षे पाहत आले आहे. आपल्याकडे कोणी सोमवार पाळतो, कोणी मंगळवार, कोणी गुरुवार, आणि मराठी वस्तीतल्या मासळीच्या हॉटेलांत व परमिट रूममध्ये त्या त्या दिवशी गर्दी उघडपणे कमी असते. आपल्यापैकी कोणी वार पाळत नसेल तर गुरुवारची दुपार निवडावी. श्रावणात तर याहूनही निवांत बसता येते. त्याउलट आषाढ अमावस्येच्या आधीचे दोन-तीन दिवस या वाटेला जाऊ नये. त्या दिवसांत उभे राहायलाही जागा मिळत नाही.

आता ठिकाण. पश्चिम आणि मध्य रेल्वे दादरला एकत्र येतात, म्हणून पाचही जणांना दादरच सोयीचे आहे. आपल्या गरजेची जागा म्हणजे जुन्या वळणाचे परमिट रूम, आणि त्यातही ज्याच्या पाटीवर 'लंच होम' असे शब्द असतात, ते. परमिट रूम हे नाव कुठून आले हे आपल्या पिढीला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागू लागला, आणि परवाना असलेल्यांना जिथे बसून पिता येत असे ती खोली 'परमिट रूम' ठरली. पुढे बंदी सैल झाली, परवान्याची अट मात्र कायद्यात राहिली आणि पाटीवरचे नावही राहिले. यांतील कित्येक जागा उडुपी-मंगळूरकडून आलेल्या मंडळींनी उभ्या केल्या. त्यामुळे बाहेरून साधा बार दिसणाऱ्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात नारळाच्या वाटणाचे गस्सी, नीर डोसा, तव्यावरची मांदेली असे पदार्थ अतिशय निगुतीने होतात. फोर्टमधील महेश लंच होम आणि अपूर्वा यांची ख्याती याच स्वयंपाकावर उभी आहे. ती दोन्ही ठिकाणे आता साध्या खिशाची राहिलेली नाहीत, एरवी आपल्याला दक्षिण मुंबईतच थांबा म्हटले असते.

दादर, परळ, लालबाग किंवा माटुंग्याच्या पट्ट्यात अशी लहान परमिट रूम गल्लोगल्ली आहेत. त्यांची नावे देण्याऐवजी पारख कशी करावी ते सांगते, कारण मालक बदलला की सहा महिन्यांत जागेचा स्वभाव बदलतो आणि छापलेले नाव वाचकाला फसवते. दुपारी चारला आत डोकावून पाहावे. पन्नाशी-साठीतली माणसे दोन-दोनच्या गटाने बसलेली असतील, टीव्ही बंद किंवा मुका असेल, आणि निदान एखाद्या टेबलावर कोणी नुसते जेवत असेल, तर ती जागा आपली आहे. जिथे कोणीच जेवत नाही आणि सगळेच पितात, त्या जागेचे स्वयंपाकघर कामचलाऊ असते. तिथे न पिणाऱ्या तिघांची उपेक्षा होईल.

बसण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, वातानुकूलित भागाचे दर वेगळे आहेत का. बहुतेक ठिकाणी खालच्या पंख्याच्या भागात एक दर असतो आणि वरच्या थंड भागात त्याच बाटलीला, त्याच सुरमईला दुसरा. मी स्वतः एकदा मे महिन्यात उकाड्याला कंटाळून जिना चढले, वरचे दरपत्रक न पाहता नेहमीच्या हिशेबाने मागवत गेले आणि बिल पाहून सोबतच्या मैत्रिणीकडून पैसे घ्यावे लागले. त्या दिवसापासून मी बसण्याआधी दरपत्रक मागते. दुसरी गोष्ट, कार्डावरचा भाव ३० मिलिलिटरचा आहे की ६० चा. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटरची बाटली मागवल्यास तिचे सील आपल्यासमोर तोडायला सांगावे; यात वेटरचा अपमान होत नाही, चांगल्या ठिकाणी तो आपणहून दाखवतो.

तीन तास बसण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. बसताक्षणीच कॅप्टनला, म्हणजे मुख्य वेटरला, सांगावे की आम्ही सातपर्यंत बसणार आहोत आणि थोडे थोडे मागवत राहू. मालक जेवण विकतो तशी टेबलाची जागाही विकतो, याचे भान आपण ठेवले की तोही घाई करत नाही. न पिणाऱ्या तिघांनी पाण्यावर बसू नये. लिंबू सोडा, सोलकढी, मग भजी, मग जेवण अशा बेताने मागवावे. शेंगदाणे, मसाला पापड, उकडलेले चणे यांवर दोन तास सहज जातात. कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या मित्राची मात्र येथे अडचण होईल. साधा भात, दही आणि काकडी एवढेच त्यांच्या वाट्याला येईल आणि महिन्यामागून महिना असे झाले तर ते यायचे बंद होतील. यासाठी मी असे सुचवते की, भेटीची सुरुवात त्यांच्या आवडीने करावी. दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घ्यावे. उपवासाच्या पदार्थांत कांदा-लसणाचा प्रश्नच येत नाही. शिवसेना भवनाजवळचे आस्वादही जवळच आहे. परंतु ही दोन्ही ठिकाणे खाऊन उठण्याची आहेत, बाहेर माणसे ताटकळत असताना तिथे गप्पा मारत बसणे मला योग्य वाटत नाही. तिथे अर्धा तास, आणि मग चालत जाऊन परमिट रूममध्ये उरलेला वेळ, असा दोन टप्प्यांचा बेत करावा. पाच वेगवेगळ्या जिभांना एकाच टेबलावर खूश करण्याच्या प्रयत्नात मागच्या दोन भेटी फसल्या असाव्यात, असे आपल्या पत्रावरून वाटते.

एखाद्या महिन्यात मित्रांना गिरगावात बोलवावेच. ठाकुरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन सुरुवात करता येईल, आणि तिथून धोबीतलाव चालण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या सनलाइटसारख्या जुन्या बारमध्ये दुपारी गेलात तर बोलणे ऐकू येईल. कुलाब्याच्या लिओपोल्डचे नाव कोणी सुचवील. १८७१ पासूनचे ते ठिकाण, २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा भिंतीवर तशाच ठेवणारे, एकदा जाऊन पाहावे असे निश्चित आहे. पण तिथली गर्दी पर्यटकांची आणि दरही त्यांच्यासाठीचे. दर महिन्याच्या बैठकीची ती जागा नव्हे.

प्रश्न : ताई, मी उदगीरहून नोकरीसाठी आले आणि पार्ल्यात पेइंग गेस्ट म्हणून राहते. स्वयंपाकाची परवानगी नाही. रोज मोबाईलवरून मागवून खोलीत एकटीने जेवायचा कंटाळा आला आहे. हॉटेलात एकटीने जाऊन बसायचा संकोच वाटतो. सगळे आपल्याकडेच पाहतील असे वाटते. रोज परवडेल असे कुठे जेवावे? आणि ज्वारीची भाकरी कुठे मिळेल?

उत्तर : तुमचा संकोच मला समजतो, कारण गावाकडे बाई एकटी हॉटेलात बसली तर खरोखरच चार डोळे वळतात. मुंबईची गोष्ट वेगळी आहे आणि त्यामागे इतिहास आहे. हे शहर एकट्याने जेवणाऱ्यांनीच वसवले. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेले कामगार बायको-मुलांना गावी ठेवून दहा-दहा, पंधरा-पंधरा जण एका खोलीत राहत, आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था गिरणगावातल्या बायका आपल्या घरातून महिन्याच्या बोलीवर करत. हीच खानावळ. पहाटे उठून पाळीप्रमाणे डबे आणि ताटे लावणाऱ्या त्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि खानावळींचे गिऱ्हाईकही आटले, पण ताटावर एकट्याने बसून जेवण्यात कमीपणा नाही, ही रीत शहरात कायमची रुजली. येथे एकट्या माणसाकडे कोणी पाहत नाही. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे का, एवढेच पाहिले जाते.

म्हणून पहिल्यांदा उडुपी हॉटेलात जा. पार्ले पूर्वेला स्टेशनच्या आसपास अशी हॉटेले भरपूर आहेत. दुपारी साडेबाराच्या आत किंवा सव्वादोननंतर गेलात तर राईस प्लेट शांतपणे जेवता येईल. मधल्या वेळेत गेलात तर वेटर समोरच्या खुर्चीवर अनोळखी व्यक्तीला बसवील. पहिल्या वेळी हे चमत्कारिक वाटेल. ती व्यक्ती मान खाली घालून जेवील, उठताना लोणच्याची बरणी तुमच्याकडे सरकवील आणि निघून जाईल. टेबल वाटून घेण्याची ही मुंबईची पद्धत मला फार सभ्य वाटते. रात्रीसाठी साडेसातची वेळ धरा, त्या वेळी कुटुंबे आलेली नसतात.

एक काम मात्र नेमाने करा. आठवड्यात तीनदा त्याच ठिकाणी, त्याच वेळेला, जमल्यास त्याच टेबलावर बसा. चौथ्यांदा वेटर न विचारता गरम पाणी आणील, पंधरा दिवसांत आज भाजी कोणती चांगली झाली आहे हे सांगू लागेल. परक्या शहरात आपली वाट पाहणारे कोणी आहे ही जाणीव मोबाईलवरून मागवलेल्या डब्यात नसते, आणि तुमचे पत्र वाचून मला वाटते की, जेवणापेक्षा त्याचीच तुम्हाला अधिक गरज आहे.

ज्वारीची भाकरी मिळणे थोडे कठीण जाईल. मुंबईतली मराठी हॉटेले मुख्यतः मालवणी आणि गोमंतकी, त्यामुळे भाकरी म्हटली की बहुधा तांदळाची येते. घरगुती पोळी-भाजी केंद्रांत आधी सांगून ठेवल्यास ज्वारीची भाकरी संध्याकाळी करून देतात. पार्ले आणि दादर या दोन्ही भागांत ही केंद्रे बरीच आहेत. सकाळी जाताना सांगावे, येताना घ्यावी. मासे खात असाल तर पगाराच्या दिवशी पार्ल्यातच हनुमान रोडवरच्या गजाली या हॉटेलात जाऊन या. जून आणि जुलैमध्ये किनाऱ्यावरची यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेट-सुरमईचे दर चढतात आणि ताजेपणाची खात्री राहत नाही. त्या दोन महिन्यांत कोंबडी-वडे मागवा.

रविवारी सकाळी मात्र माटुंग्याला जायलाच हवे. स्टेशनसमोरचे रामाश्रय पहाटेच उघडते, कॅफे मद्रास १९४० पासूनचे आहे, आणि ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढत आले आहे. बोर्डिंगमध्ये कूपन घेऊन बाकावर वाट पाहायची, नाव पुकारले की आत जाऊन अनोळखी माणसांच्या रांगेत बसायचे आणि पानात टाकायचे नाही, अशी शिस्त आहे. तुमच्या मनातली शेवटची भीड त्या रांगेत निघून जाईल, याची मला खात्री आहे. सोमवारी बोर्डिंग बंद असते.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी, वये २३ ते २६, मुलुंड-ठाण्याला राहतो. महिन्याकाठी बीअर प्यायला बसावे असे वाटते, पण पबचे दर परवडत नाहीत आणि घराजवळच्या परमिट रूममध्ये सगळे पुरुषच दिसतात. आम्ही तिथे जाणे चुकीचे आहे का? कुठे जावे?

उत्तर : चुकीचे मुळीच नाही. दारूबंदीच्या काळात वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांत ख्रिस्ती बायका आपल्या घराच्या पुढच्या खोलीत चोरून गुत्ता चालवत आणि सारी मुंबई त्यांना 'आंटी' म्हणे. या धंद्याच्या इतिहासात बाई आधीपासूनच आहे. ती गिऱ्हाईक म्हणून आली की लोकांना नवल वाटते, ते हळूहळू ओसरेल.

आधी कायद्याचे सांगते. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि व्हिस्की, रम यांसारख्या मद्यांसाठी २५. म्हणजे तुमच्यातल्या २३ वर्षांच्या मैत्रिणीने बीअरवरच थांबावे. वयाचा पुरावा प्रत्येकीने जवळ ठेवावा. एक दिवसाचा मद्यसेवन परवाना अल्प शुल्कात मिळतो. तो आहे का, असे काउंटरवर विचारायला संकोच करू नये.

पहिल्या एक-दोन वेळा वांद्र्याला जा असे मी सांगेन. पाली नाक्यावरचे जनता, हिल रोडवरचे यॉट आणि पाली जंक्शनजवळचे टोटोज गॅरेज येथे अनेक वर्षांपासून मुली आणि मुलगे सारख्याच सहजतेने बसतात. जनता त्यांत सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत चांगले. तिथले खाणेही मन लावून केलेले असते. टोटोजमध्ये बारच्या वर फोक्सवॅगन बीटल गाडी टांगलेली आहे आणि संगीताचा आवाज मोठा असतो, तेव्हा बोलायचे असेल तर ते टाळा. दक्षिण मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतले गोकुळ स्वस्ताईसाठी प्रसिद्ध आहे, पण शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिथे श्वास घ्यायला जागा नसते. १९३२ पासूनच्या मोंडेगारमध्ये भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. पाच वाजता गेलात तर एका बीअरच्या वेळात ती सगळी पाहून होतात.

तरीही मुलुंडहून दर वेळी वांद्र्याला जाणे हे काही खरे नाही. आपल्या वस्तीत आपली जागा असावी, हेच मला पटते. त्यासाठी संध्याकाळी पाचला चौघींनी मिळून घराजवळच्या दोन-तीन ठिकाणी नुसते जेवायला जावे. तिथे सर्वांत आधी स्वच्छतागृह पाहावे. बायकांसाठी वेगळे, कडी लागणारे आणि दिवा असलेले स्वच्छतागृह नसेल तर बाकी सारे कितीही चांगले असले तरी परत येऊ नये, कारण ज्या मालकाने त्याचा विचार केलेला नाही त्याने बाई गिऱ्हाईक येईल हाही विचार केलेला नसतो. पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये बसवू पाहतील, तर नम्रपणे नकार देऊन काउंटरवरून दिसेल असे टेबल मागावे. आड बसण्यापेक्षा मालकाच्या नजरेसमोर बसणे अधिक सुरक्षित असते, आणि रोजच्या गिऱ्हाइकांनाही तुमच्या असण्याची सवय होते. पाटीवर 'ऑर्केस्ट्रा' किंवा 'लेडीज सर्व्हिस' असे शब्द असतील तर तो धंदा वेगळा आहे, तिथे जाऊ नका. घरी परतताना चौघीही पोहोचेपर्यंत एकमेकींशी बोलत राहा आणि गरज पडली तर ११२ हा क्रमांक लावायला कचरू नका.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. वडील तरुणपणी लालबागला गिरणीत होते आणि इराण्याकडच्या बन-मस्क्याच्या आठवणी सांगायचे. ते आता नाहीत. सांगलीहून आईला एक दिवसासाठी आणतो आहे. तिला इराण्याकडे न्यायचे आहे. कुठे नेऊ?

उत्तर : सकाळी न्या, आणि घाईच्या दिवशी नको. मेट्रो सिनेमासमोर धोबीतलावला कयानी आहे, १९०४ चे. त्याच्या जवळच १९१३ चे ससानियन. कयानीत रस्त्यावरून थेट आत जाता येते, जिना चढावा लागत नाही. खुर्च्या जुन्या लाकडी आहेत, टेबलक्लॉथ चौकटीचे आहेत, काचेच्या कपाटांत बिस्किटे-केक मांडलेले आहेत. वडिलांनी वर्णन केलेले बरेच काही आईंना डोळ्यांनी पाहता येईल. बन-मस्काच मागवा. ब्रून-मस्क्याची शिफारस अनेकजण करतील, पण ब्रून पावाचे कवच कडक असते आणि या वयात दातांना त्रास होतो. आईंचा आग्रह असेल तर चहात पुरता भिजवून द्या. मावा केक आवडत असेल तर त्या दिवशी सकाळी लवकर ग्रँट रोड स्टेशनजवळ बी. मेरवानकडे जाऊन आणा. ते दुकान १९१४ पासूनचे आहे आणि तिथला केक सकाळीच संपतो.

दुपारचे जेवण बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात होऊ शकेल. १९२३ पासूनचे हे ठिकाण बेरी पुलावासाठी ओळखले जाते आणि ते दुपारीच चालते. बाराच्या सुमारास पोहोचलात तर आईंना रांगेत उभे राहावे लागणार नाही. दोन्ही ठिकाणी रोख पैसे जवळ असू द्या. लालबागमधून मात्र गाडीने एक फेरी मारून आणा. तिथले कोपऱ्यावरचे इराणी बरेचसे गेले, गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या, तरी वडील ज्या रस्त्याने पाळीला जात तो रस्ता आहे, आणि आईंना बहुधा चहापेक्षा तेच पाहायचे असेल.

प्रश्न : बिलात १० टक्के सेवा शुल्क लावले होते. देणे बंधनकारक आहे का?

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे बिल दुरुस्त करून मागावे. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार करता येते. जीएसटीचा याच्याशी संबंध नाही, तो कर आहे आणि द्यावाच लागतो. मात्र दुरुस्त झालेले बिल चुकते केल्यावर वेटरच्या हातात काहीतरी जरूर ठेवावे. जुन्या परमिट रूममध्ये आणि उडुपी हॉटेलांत असे शुल्क सहसा लावत नाहीत. तिथे रात्रीपर्यंत उभा असलेला माणूस बडीशेपच्या ताटलीतल्या नोटेकडेच पाहत असतो.